नांदुरीच्या घाटानंतर

वणीच्या अलीकडच्या वस्तीवर ट्रॅक्टरचं अडलं की लोक सावळीरामनानांना बोलवायचे. बांधाला धक्का न लावता कोपऱ्यातली नांगरट काढावी ती त्यांनीच. बाजार समितीत भरलेली ट्रॉली उलटी लावायची वेळ आली की चांगले चांगले ड्रायव्हर खाली उतरून म्हणायचे, "नाना, तुम्हीच घ्या." त्यामुळे मुलाने, हर्षलने, जुनी चारचाकी घरी आणली तेव्हा ती शिकावी लागते हे नानांच्या मनातही आलं नाही. क्लच तोच, ब्रेक तोच, गिअर तेच. पहिल्याच दिवशी ते वणीला जाऊन खताची गोणी घेऊन आले.

मग उन्हाळ्यात नानांच्या बायकोला, चतुराबाईंना, सप्तशृंगीला जायचं झालं. हर्षल अंबडच्या कारखान्यात पाळीवर होता. नानांनी गाडी काढली, शेजारी चतुराबाई, मागे सून निकिता. चढ झाला, दर्शन झालं, आणि उतरताना नानांनी आपल्या सवयीने गाडी न्यूट्रल केली आणि चावी फिरवून इंजिन बंद करून टाकलं. उताराला फुकट डिझेल कशाला जाळायचं, असा त्यांचा कायमचा हिशोब.

पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्या वळणाला पाय दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट. स्टेअरिंगही जड झालेलं. गाडी मात्र वेग धरत होती.

"ब्रेक लागंना," नाना म्हणाले.

"नाना, चावी काढू नका," निकिता मागून म्हणाली. "तशीच फिरवा, स्टार्ट करा. पाय ब्रेकवरच असू द्या."

नानांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि पायाखालचं पेडल एकदम नरम पडलं.

"आता क्लच दाबा. तिसरा टाका. थोडा वेग उतरू द्या. आता दुसरा."

गाडी घरघरत आवरली गेली. पायथ्याच्या नांदुरीपर्यंत ती दुसऱ्या गिअरमध्येच उतरली. खाली आल्यावर नानांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. निकिता पुढे आली. तिने घरापर्यंत गाडी आणली.

निकिता मूळची देवळाली कॅम्पची. तिचे वडील लष्करात गाड्या चालवायचे. लेक अठरा वर्षांची झाल्याबरोबर त्यांनी तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. हे नानांना लग्नाच्या वेळेपासून माहीत होतं, पण त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवसानंतर नाना गाडीला शिवले नाहीत. कोणी विचारलं की म्हणायचे, "आपल्याला ट्रॅक्टरच बरा." रात्री डोळा लागता लागता मात्र पायाला ते घट्ट पेडल लागायचं. चतुराबाई शेजारी बसलेल्या, त्यांनी दोन्ही हातांनी पदर धरलेला, आणि त्या ओरडल्याही नव्हत्या. आपला माणूस गाडीवर आहे म्हणजे सगळं ठीक होईल, असा त्यांचा भरवसा होता. नानांना त्याचंच जास्त लागलं होतं.

पावसाळा सरता सरता चतुराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता व्यायाम चुकवायचा नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई नाशिकला, इंदिरानगरमध्ये. चतुराबाईंची धाकटी बहीण लंकाबाई तिथेच राहायची, तेवढीच एक सोय. निकिता दर आठवड्याला सासूला घेऊन जायची. पण दिवाळीनंतर तिला वणीच्या माती परीक्षण केंद्रात नोकरी लागली. सगळ्यांना आनंद झाला, चतुराबाईंनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, "मी जाईन की यष्टीनं. पायरी तेवढी उंच असती."

नानांनी ते ऐकलं. संध्याकाळी निकिता कामावरून आली तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"दमलीस का?"

"नाही नाना. काय झालं?"

"मला गाडी शिकव. पहिल्यापासून. मला काहीच येत नाय असं धरून."

निकिताने हो म्हटलं, इतकंच. पिशवी आत ठेवून, चहा घेऊन ती बाहेर आली, आणि कालव्याकडेच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांची शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी तिने चाक हलूच दिलं नाही. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, क्लच दाबलेला, मगच चावी. ब्रेकचं कोडंही तिने तेव्हाच उलगडलं. "ब्रेकला जोर इंजिन देतं, नाना. इंजिन बंद केलं की थोडा साठलेला जोर एखाद्या दाबाला पुरतो, मग सगळा भार आपल्या पायावर."

"म्हंजे माझा पाय कमी पडला नव्हता?"

"कोणाचाही पडला असता."

नानांनी ब्रेकचं पेडल एकदा दाबून बघितलं. मग म्हणाले, "बरं. पुढं सांग."

दिवेलागणीला तिने त्यांना खाली उतरवलं आणि गाडीसमोर थोड्या अंतरावर उभं केलं. आधी डिप्परचा खालचा उजेड लावला, मग अप्परचा लांबचा. नानांनी आडवा हात डोळ्यांवर धरला. पायाखालचा रस्ताच दिसेना.

"बंद कर, कळलं," ते म्हणाले. परत येऊन बसल्यावर म्हणाले, "मी तर कायम अप्परवरच चालवत आलो. समोरून सायकलवाले यायचे, पोरं यायची. कोणी बोललं नाय कधी."

"समोरचा दिसला की खाली घ्यायचा. रस्ता मोकळा झाला की वर."

खरी अडचण डाव्या पायाची होती. सपाटीला तो ठीक असायचा. पण कालव्याच्या पुलाचा लहानसा चढ आला की क्लचवरचा पाय थरथरायला लागायचा. गाडी धक्का खाऊन बंद पडायची. बंद पडली की नाना घामाघूम. शेतावरून परतणारा केरू एकदा थांबून बघत राहिला. ज्याच्याकडून आपण ट्रॅक्टर शिकलो तो माणूस सुनेकडून गाडी शिकतोय, हे त्याला खरं वाटेना.

"काय नाना, नवीन धंदा?"

"शिकतोय," नाना म्हणाले. "तुझ्याकडं बी गाडी हाय ना? उतारावर बंद करत जाऊ नको. बस इथं, तुलाही सांगतो कशापायी." आणि केरू खरंच मागे बसला.

त्या चढाला निकिताने नवी रीत धरायला लावली. हँडब्रेक ओढून ठेवायचा, पायाचा ब्रेक सोडायचा, क्लच हळूहळू वर आणायचा. गाडीचा आवाज दबला, बॉनेट किंचित उचललं, की तिथंच पाय धरायचा, थोडी रेस द्यायची, मग हँडब्रेक सोडायचा. "घाई नाही, नाना. मागचा हॉर्न वाजवील. वाजवू द्या."

जानेवारीत एका सकाळी नाना आणि चतुराबाई दोघंच निघाले. बागांवर धुकं उतरलेलं. नानांनी डिप्पर लावला, वेग कमी ठेवला. पुढची एक गाडी चारही इंडिकेटर लुकलुकवत चालली होती.

"आपण नाय का लावायचे तसे?" चतुराबाईंनी विचारलं.

"ते थांबल्यावर. चालता चालता लावले तर आपण कुठं वळणार ते मागच्याला कसं कळंल?"

दिंडोरी गेलं, म्हसरूळ गेलं, ऊन वर आलं. नाशिकच्या द्वारका चौकातली गर्दी नानांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत पार केली. आणि हमरस्त्याखालून जाणाऱ्या इंदिरानगरच्या बोगद्यात, बाहेर निघायच्या चढावरच, गाड्या थांबल्या. मागे रिक्षा अगदी चिकटून उभी. डावा पाय थरथरायला लागला.

पुढची गाडी हलली. मागून हॉर्न सुरू झाले.

चतुराबाई बाहेर बघत म्हणाल्या, "वाजवू दे त्यांना. मला काय घाई नाय."

नानांनी हँडब्रेक ओढला. ब्रेकवरचा पाय काढला. क्लच वर येऊ दिला, इंजिनाचा आवाज दबेपर्यंत. रेस दिली, हँडब्रेक खाली केला. गाडी एक बोटभरसुद्धा मागे न जाता वर चढली आणि उन्हात आली. पाय अजून थरथरत होता, पण त्याने काम केलं होतं.

व्यायामाच्या बाईंच्या दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या. नानांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक लावून उभी केली आणि चतुराबाईंचा हात धरायला गेले. त्या म्हणाल्या, "राहू दे, मी चढते," आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. आत लंकाबाई आधीच येऊन बसली होती.

"कोणी आणलं गं? निकिता तर कामावर ना?"

"यांनी," चतुराबाई म्हणाल्या. खुर्चीत टेकत त्यांनी पाय पुढे केला. "पुढच्या रविवारी निकिताच्या माहेरी जाऊ म्हणते, कॅम्पला. सगळेच. बघू, नेतात का."

नाना दारातच उभे होते. "नेतो की," ते म्हणाले. "सकाळी निघू, निवांत."