न वाजवता घेतलेली डावखुरी गिटार

आमच्या घरात विश्वासावर कुणी पोट भरलेलं नाही. उलट गिऱ्हाइकाचा आमच्यावर विश्वास नाही, म्हणूनच आमची चूल पेटते. माझे वडील, म्हणजे आबा, रोज संध्याकाळी म्हशी घेऊन कोल्हापुरातल्या दूध कट्ट्यावर जातात. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की आबा आधी चरवी पालथी करून दाखवतात, आत पाण्याचा थेंब नाही हे त्याला बघू देतात, आणि मगच म्हशीखाली बसतात. धार त्याच्या डोळ्यांदेखत पडते आणि ते फेसाळ कोमट दूध तो तिथंच उभ्यानं पितो. नवीन म्हैस घ्यायची झाली तर आबा स्वतः पिळून बघितल्याशिवाय खिशात हात घालत नाहीत, कारण विकणारा आदल्या वेळची धार न काढता कास तुंबवून बाजारात आणतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गूळ चाखून घ्यायचा, चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघायची. अशा घरातल्या मी परदेशातल्या एका दुकानातून, एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीची गिटार मागवली. नुसती मोबाईलवर बघून.

आबांना कळलं तेव्हा ते गोठ्यात वैरण टाकत होते.

"वाजवून बघितलीस काय?"

"न्हाय."

"हातात घेतलीस?"

"आबा, ती परदेशात हाय."

"मग बघितलंस काय?"

"फोटो."

त्यांनी वैरणीची पेंडी खाली ठेवली. "म्हशीचा फोटो बघून पैसे दिले असते, तर आज कट्ट्यावर काय फोटो पिळला असता?" मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आवाज हळू ठेवायची पद्धत नाही, त्यामुळं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की ह्याला कुणीतरी चुना लावला.

मी हे हौसेनं केलं नव्हतं. लग्नाकार्यात, गणपतीत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं गिटार वाजवायचो. सकाळी धारा, संध्याकाळी कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी गोठ्यातल्या कडबा कुट्टीच्या यंत्रात डावा हात गेला आणि पहिल्या दोन बोटांची टोकं तिथंच राहिली. गिटारीवर उजवा हात तारा छेडतो आणि डावा हात तारा दाबतो. दाबायची बोटंच नाहीत म्हटल्यावर झालं की. ऑर्केस्ट्रावाले भेटायला आले, फळं घेऊन आले, आणि जाताना त्यांनी दुसरा गिटारवाला बघितल्याचं सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. तरी त्या फळांना मी हात लावला नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की हात बदलायचे. उजव्यानं दाबायचं, डाव्याचा अंगठा आणि शाबूत बोटांनी छेडायचं. जुन्याच गिटारीच्या तारा उलट्या लावल्या आणि लहान पोराला पाटीवर बसवावं तसा स्वतःला पहिल्यापासून बसवला. पण ती गिटार उजव्या माणसासाठीच केलेली. तारा बसायच्या खाचा जाड-बारीक मापाच्या असतात. तारा उलटवल्या की बारीक तार जाडीच्या खाचेत जाऊन खरखरते, आणि जाड तार तिच्या खाचेत बसतच नाही. त्यामुळं मी काहीही वाजवलं की घाण ऐकू यायचं. बायकोनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली की मी म्हणायचो, गिटारच तसली हाय, मी काय करू?

डावखुरी गिटार कोल्हापुरात मिळेना. एक दुकानदार म्हणाला, "पावणं, सरळ हाताच्या खपंनात, तुमची उलट्या हाताची कुठनं आणू?" दुसऱ्यानं आणून देतो म्हणून एक आणली, ती बघून मला खेळण्याच्या दुकानाची आठवण झाली. पुण्यातही तेच. आणि कुठं मिळाली असती तरी माझ्यासाठी वाजवून कोण बघणार? माझे सगळे दोस्त उजवे. शेवटी परदेशातलं ते दुकान सापडलं, जिथं फक्त डावखुऱ्यांच्याच गिटारी विकतात. मी बायकोला विचारलं. ती मूळची मुरगूडची, फार बोलत नाही, पण बोलली की लागतं.

"घ्या," ती म्हणाली. "एकदाचं कळंल तरी."

"काय कळंल?"

ती आत गेली. काय कळणार होतं ते मला चांगलं माहीत होतं. हात बदलून मी परत वाजवणारा होणार, का गिटारीच्या नावानं बोंबलत आयुष्य काढणार, हे कळणार होतं. म्हणूनच मी तिच्यावर दिवसभर धुसफुसत राहिलो.

आता त्या दुकानदाराचं ऐका. तो भलताच नम्र. मी एक प्रश्न विचारावा, त्यानं चार परिच्छेद लिहावेत, शेवटी माझ्या हाताला आराम पडो म्हणून शुभेच्छा. माझा संशय तिथंच वाढला. आमच्याकडं एवढं गोड बोलणाऱ्याचं दूध आधी बोटावर घेऊन बघतात. मी त्याला सांगितलं, गिटार पुढून दाखव, मागून दाखव, उलटी करून दाखव, आणि माझ्या नावाची चिठ्ठी शेजारी ठेवून वाजवून दाखव. मला वाटलं, चिडेल आणि गप्प बसेल. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ. एक पिकल्या केसांचा माणूस, माझ्या नावाची चिठ्ठी, गिटार पालथी, उलथी, आणि मग त्यानं ती डाव्या हातानं छेडली. काय सांगू! जुन्या गिटारीतून असा आवाज माझे हात धड होते तेव्हाही निघाला नव्हता. पण व्हिडिओत एक दाखवायची आणि खोक्यात दुसरीच भरायची, ह्यात काय अवघड आहे? म्हणून मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, आणि गोल भोकाच्या खाली लाकडात एक काळपट गाठ दिसली, चिंचोक्याएवढी. ती मी डोक्यात पक्की करून ठेवली. गाठ दिसली नाही तर मी त्याला सोडणार नव्हतो.

पैसे गेले आणि वाट बघणं सुरू झालं. पार्सल कुठं पोचलं ते मोबाईलवर दिसायचं. एका ठिकाणी ते बसलं ते बसलंच. मग एका माणसाचा फोन आला, तुमचं पार्सल आलंय, कर भरावा लागेल. असल्या फोनवरून गल्लीतल्या दोघांना आधीच टोपी बसलेली. मी त्याला असा काही फैलावर घेतला की त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. "तुझ्यासारखे लई बघितल्यात," म्हणालो आणि नंबर बंद करून टाकला. बायको शेजारी ऐकत होती. तिनं पार्सलच्या पानावर जाऊन बघितलं, तर कर खरोखरच भरायचा होता आणि माणूस खरा होता. तिनं मुकाट्यानं पैसे भरले. मी म्हणालो, त्यांनी बोलायची पद्धत सुधारावी.

खोकं आलं तेव्हा त्याचा एक कोपरा चेपलेला. मी पोचवणाऱ्याला दारातच थांबवला, मोबाईल आबांच्या हातात दिला आणि उघडताना सगळं व्हिडिओत टिपायला सांगितलं. शेजारची चार माणसं आपोआप जमली. आत पेटी, पेटीच्या आत गिटार, आणि गोल भोकाखाली ती काळपट गाठ. तीच. मला आनंद व्हायला पाहिजे होता. खरं सांगतो, मनात कुठंतरी थोडा हिरमोड झाला.

"पालथी कर," आबा म्हणाले. चरवीची सवय.

मी पालथी केली, तर आत काहीतरी खुळखुळलं. झालं. शेजारी म्हणाले मोडलीय, एकजण म्हणाला आत सोनं असंल, पोलिसांना बोलवा. भोकातून बोटं घालून काढलं तर ओलावा धरून ठेवणारी एक छोटी पुडी निघाली, लाकूड वाटेत तडकू नये म्हणून ठेवलेली. मग मी तार छेडली तर ती लोंबलेली, दोरीवर टिचकी मारावी तसा आवाज. "गंडवलं," मी म्हणालो. बायकोनं पेटीतला कागद वाचला. प्रवासात ताण बसू नये म्हणून तारा सैल केल्या आहेत, पोचल्यावर लावून घ्या, असं त्यात सरळ लिहिलेलं. लोकांना काही मजा उरली नाही, ते गेले.

मी तारा लावल्या, पहिली कॉर्ड धरली, म्हणजे ठरलेल्या तीन तारा एकदम दाबल्या, आणि छेडली.

घाण. तीच खरखर, तीच दबलेली तार, जुन्या गिटारीसारखीच.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण मला चक्क हलकं वाटलं. बघा, मी म्हणत होतो की नाही? एवढे पैसे घेऊन त्या गोडबोल्यानं मला शेंडी लावलीच. नंतरचे काही दिवस मी रोज वाजवायचो, रोज खरखर ऐकायचो आणि रोज त्याच्यावर थोडा जास्त तापायचो. कोल्हापूरची हवा, मग लाकूड, मग गिटारीची मान वाकलीय, मग तारा जुन्या. दोन आठवड्यांच्या आत गिटार परत घेऊ असं दुकानाचं म्हणणं होतं, पण दोष काय आहे ते वाजवून व्हिडिओत दाखवा म्हणून अट होती. वा. मी त्याच्याकडून घेतलं तेच तो माझ्याकडून मागत होता. मी म्हणालो, दाखवतो की, डोळ्यांदेखत दाखवतो.

रविवारी सकाळी धारा झाल्यावर मी गोठ्याच्या दारात स्टूल टाकून बसलो. आबांनी दोन्ही हातांत मोबाईल धरला. मी कॉर्ड धरली, वाजवली, खरखरली. दुसरी, तीही. दोष भरपूर टिपला गेला. परत घ्यायला लावतो म्हणून मी लगेच बसून व्हिडिओ बघितला, कुठला भाग पाठवावा म्हणून.

आणि मला माझ्या उजव्या हाताचं बोट दिसलं. वाजवताना मी कधी बघितलंच नव्हतं, मी फक्त ऐकायचो. बोट तारेवर उशिरा येत होतं. येऊन गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या मागं बसायचं सोडून अर्धं पट्टीवरच टेकत होतं, आणि शेजारच्या तारेला ढुसणी देत होतं. मी पुढं केलं. तेच. पुन्हा मागं नेलं. तेच. मग मी त्या पिकल्या केसांच्या माणसाचा जुना व्हिडिओ काढला. तीच गिटार, तीच चिंचोक्याएवढी गाठ, आणि त्याच्या हाताखाली ती नुसती वाहत होती. गिटार बदललेली नव्हती, मोडलेली नव्हती, मला कुणी फसवलं नव्हतं.

राग आला, पण काढायला माणूस उरला नव्हता. ही गिटार खराब निघावी असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. ती खराब असती तर मी अजून गिटारवाला असतो, फक्त बरी गिटार न मिळालेला. ती चांगली निघाली म्हणजे मी आता काहीच नाही, अजून कॉर्ड शिकणारं पोर आहे. दोन वर्षं झाली तरी. डोळ्यांत पाणी आलं ते आबांना दिसू नये म्हणून मी म्हशीकडं तोंड फिरवलं, पण गोठा केवढासा.

"पाठवतोस काय?" आबांनी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

मी मोबाईल बंद करून मांडीवर ठेवला. आबा पाटी उचलून शेण भरायला गेले.

संध्याकाळी ते म्हशी सोडायला लागले तेव्हा मी पेटी उचलली. बायको दारातून बघत राहिली. कट्ट्यावर म्हशी बांधल्या, मी कडेच्या दगडावर बसलो आणि एकेक कॉर्ड धरून बघायला लागलो. ज्यांच्या लग्नात मी वाजवलं होतं असेही दोघे-तिघे तिथं होते. तारा खरखरत होत्या आणि कान तापले होते. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, धोतरातले म्हातारे, ग्लास हातात घेऊन बराच वेळ ऐकत होते.

"काय बिघडलंय काय हो त्यात?" त्यांनी विचारलं.

आबांनी चरवी पालथी धरली होती. ती तशीच धरून ते माझ्याकडं बघत राहिले.

"न्हाय," मी म्हणालो. "गिटार एकदम बरोबर हाय. हात नवा हाय."

म्हाताऱ्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं, मग उजव्याकडं. "मग वाजवा की सावकाश," ते म्हणाले. "माझं दूध व्हायला येळ हाय अजून."

आबांनी चरवी सरळ केली आणि म्हशीखाली बसले. मी पहिली कॉर्ड परत धरली. तार खरखरली, आणि या खेपेला मी गिटारीकडं न बघता बोटाकडं बघितलं.