सरांचा नौदलमंत्री

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांचा. दहावीनंतर वडील मला पिठाच्या गिरणीत बसवणार होते. सर घरी आले आणि वडिलांना एका विलायती माणसाची गोष्ट सांगू लागले. साध्या घरातला मुलगा, शिकून बॅरिस्टर झाला, निवडणूक जिंकला, महायुद्धात नौदलमंत्री झाला. "आणि मंत्री असून स्वतः आरमार घेऊन समुद्रावर गेला."

वडील म्हणाले, "बॅरिस्टरसारखं तोंड तर याचंही चालतं. शिकू दे."

घरातला पहिला पदवीधर मी असा झालो.

पुढे मी रियाधला एका बँकेच्या संगणक विभागात होतो, तेव्हा निवृत्त सरांनी त्या बॅरिस्टरचे चरित्र लिहून पूर्ण केले. शाळेच्या सभागृहात प्रकाशन ठरले होते. हस्तलिखित टाइप करून प्रेसला पाठवायचे काम सरांनी माझ्याकडे दिले. तिथल्या गुरुवार-शुक्रवारच्या साप्ताहिक सुटीत मी तेच करत बसे.

सर्वांत देखणे प्रकरण युद्धाचे होते. भिजलेला कोट, डेकवर उभा मंत्री, समोर तोफांचा धूर. फोटो मिळतो का बघ, असे मी मुलीला सांगितले. ती तिथल्या भारतीय शाळेत नववीत होती. थोड्या वेळाने इंटरनेटवर शोधता शोधता, मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, ये तो शिप पे गया ही नहीं. ऑफिस में बैठता था."

मग मीही शोधले. तिचे बरोबर होते. आपल्याकडे आरमाराचा प्रमुख म्हणजे सरखेल, आणि सरखेल गलबतावरच असायचा. सरांनी नौदलमंत्र्यालाही सरखेल केले होते.

"छापा तसंच," बायको म्हणाली. "त्यांचं वय बघा."

"प्रकाशनात कुणी उभं राहून विचारलं तर? सगळ्या गावादेखत हसं होईल त्यांचं."

"मग सांगा त्यांना. पण ज्याच्या हाती आपला व्हिसा, त्या कफीलसमोर तोंड उघडत नाही तुमचं, सरांसमोर काय उघडणार?"

ती हसली. मला हसू आले नाही. ज्या वाक्यावर वडिलांनी मला शिकू दिले, तेच मला खोडायचे होते. कामावर लक्ष लागेना. शेवटी लिहिले ते असे:

"ती. सरांस शि. सा. न.

युद्धाचे प्रकरण मी प्रेसला पाठवलेले नाही. बॅरिस्टरसाहेब लढाईत जहाजावर गेल्याचे मला कुठेच सापडत नाही. ते राजधानीत कचेरीत होते. आपण कुठे वाचले ते कळवावे. माझी चूक असेल तर प्रकरण आहे तसेच जाईल. नसेल, तर त्या कचेरीविषयी लिहावे. जहाज बुडाल्याची तार तिथे आली की जन्मभर दुसऱ्यांची बाजू मांडलेला हा माणूस कुणाची बाजू मांडत असेल, हे मला आपल्याकडूनच वाचायचे आहे. शुक्रवारी फोन करतो. रागावला असलात तरी घ्यावा.

आपला विद्यार्थी"