पाटावरची फळी
दहा मार्च, शिजवलेली हळद उन्हात पसरायचं काम. तिचा कडवट, वाफाळ वास आला की मला कुरुंद्याचं आमचं चौऱ्याहत्तर सालचं खळं आठवतं. आमचं कुत्रं पाण्याच्या पाटातून चिखल घेऊन यायचं आणि थेट वाळत घातलेल्या हळदीत लोळायचं. वडील चिडले होते. "आता एकडाव जरी हळदीत गेलं, तर तांड्यावर देऊन टाकीन." म्हणून मी पाटावर फळी टाकली आणि त्याला तिच्यावरून चालायला शिकवलं. पलीकडे, हळदीच्या बाजूला, पुढचे पाय जमिनीवर टेकवून थांबलं, तरच भाकरीचा तुकडा. एका दुपारी आमची कोंबडी फळीवरून हळदीकडे पळाली आणि हे तिच्यामागे सुटलं. माझ्या डोक्यावर घमेलं, समोर वडील. फळीच्या टोकाला मात्र ते आपणहून थांबलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहू लागलं. कोंबडी गेली हळद तुडवत. "भाकर दे की त्याला," वडील म्हणाले, "काहून ताटकळवून राहिली? तुझ्या कोंबडीपरीस त्यालाच अक्कल हाय." माझा जीव भांड्यात पडला. आजही घरात नवं कुत्रं आलं की मी आधी फळी शोधते. त्या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी सगळ्यात आधी कोंबड्या डाल्याखाली कोंडल्या.