पावण्यांचा परवाना

सरकारी नियमांवर मनापासून माया करणारा माणूस उभ्या कोल्हापुरात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामी गेल्या, मुलगी पुण्याला सासरी गेली, तेव्हा मामांनी देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि न्याहरी-निवासाचा परवाना काढला. असल्या कामाला लोक कंटाळतात, पण मामा कचेरीत जायचे ते लग्नाला निघाल्यासारखे फेटा बांधून. आग विझवायचं नळकांडं हवं म्हटल्यावर त्यांनी ते हौसेनं आणलं आणि खंडेनवमीला विळा-कोयत्यांच्या शेजारी मांडून त्याची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकवाचा असा थर बसला की त्याच्यावरची मुदतीची तारीखच दिसेना. मी हसलो तर मलाच म्हणाले, "आगीशी गाठ हाय त्येची. राजी ठेवाय नको व्हय, जावईबापू?"

एकच नियम त्यांना जाचायचा, तो ओळखपत्राचा. "दारात आलेल्या पावण्याला तू कोण म्हणून कागद मागायचा? आपल्यात आसलं न्हाय." कागद ते घेत, पण खरी चौकशी त्यानंतर सुरू होई. गाव कुठलं, आजोळ कुठलं, बहिणी कुठं दिल्या? माणूस बिद्रीचा निघाला की मामांची चुलत बहीण तिथं दिलेली असायचीच. नातं लागलं की तांबडा रस्सा शिजायचा आणि निघताना भाडं घ्यायला मामा साफ नकार द्यायचे. "सोयऱ्याकडनं पैसं घेऊ? त्वांड कुठं लपवू?" नागपूरच्या एका जोडप्याशी काही केल्या नातं जुळेना, तर त्यातल्या बाईंना त्यांनी सरळ मानलेली बहीण करून टाकलं.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा तपासणीला एक साहेब आले. मीही तिथंच होतो. सगळं ऐकून घेऊन साहेब म्हणाले, "भाडं कुणाकडनंच घेत न्हाय म्हणता, म्हंजे ही सगळी घरचीच पावणी की. त्यास्नी परवाना कशाला? बंद करून टाकू."

गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा मामांचा आवाज एकदम बारीक झाला. "आसं करू नगासा, सायेब. दारावरची पाटी काढली तर माझ्याकडं येणार कोण? घर खायला उठतंय ओ."

मला फार वाईट वाटलं. साहेबांनी एकदा दारावरच्या पाटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "देतो परवाना. पण भाडं घ्यायचं. सख्खा सोयरा निघाला तरी घ्यायचं." मामांनी मान डोलावली.

तेव्हापासून मामा भाडं घेतात. रस्सा मात्र फुकटच असतो, त्याबद्दल साहेब काही बोलले नव्हते. परवा मी गेलो तेव्हा एक कुटुंब निघालं होतं. पूर्वी निघताना लोक "येतो मामा" म्हणायचे. यांनी पैसे हातात ठेवले, "येतो मालक" म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत मामा नोटा तशाच मुठीत धरून दारात उभे होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मालक तर मालक. हाक तर मारत्यात की."