भाषांतरात गाळलेली बहीण

मी देश सोडला त्या सकाळी दादानं गाडी नारायणगावात थांबवली. आम्ही निरगुडसरहून निघालो होतो आणि आळेफाटा, माळशेज करत दुपारपर्यंत मुंबईचं विमानतळ गाठायचं होतं. पण संस्थेतल्या बाया मला निरोप द्यायला खाली रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. त्यांना टाळून पुढं जाणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

संस्था म्हणजे टोमॅटोच्या क्रेटच्या गोदामावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मुलींची अभ्यासिका. दुसरीत दर गुरुवारी बायांची बैठक, आणि बैठक उठली की तिथंच वकीलबाई कागद बघायच्या. जुन्नरच्या शमीमआपांनी हे सगळं उभं केलं होतं. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. गुरुवारची बैठक मीच घ्यायचे. तिथला नियम साधा होता: जी बोलते तिचं ऐकायचं, मधे तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बाया तासन्‌तास गप्प बसायच्या आणि मग एखादी अशी बोलायची की बाकीच्यांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. नवऱ्याचा मार, टाकून दिलेलं जिणं, आणि वारंवार येणारी एक गोष्ट: बाप गेल्यावर भावांनी पुढं केलेलं हक्कसोडपत्र. बापाच्या जमिनीतला आपला वाटा आपण राजीखुशीनं सोडतो, असं बहिणींनी लिहून द्यायचा कागद. त्यावर घाईनं सही करू नका, हे मी किती जणींना सांगितलं असेल, मोजलेलं नाही.

त्या सकाळी मंदाकाकूंनी माझ्या हातात शेवंतीचा गजरा दिला. त्यांनी भावांचा दबाव झेलून सही नाकारली होती. त्या म्हणाल्या, "तुमी व्हत्या म्हणून मी टिकले, मॅडम. न्हाईतर कवाच अंगठा देऊन बसले असते."

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी हसले, काकूंना मिठी मारली आणि गाडीत बसले. दोन दिवसांपूर्वी, घोडेगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, मी दादाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं.

हे मी त्या बायांसाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही, कारण निघायच्या घाईत आपण मागं काय काय उरकून टाकतो ते आपल्यालाच ठाऊक असतं.

वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मागं आई, दादा, माझी मोठी बहीण सुमनताई आणि मी. ताईला बेल्ह्याला दिली होती. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिच्या नवऱ्यानं तिला लेकीसकट आणून घातली ती कायमचीच. तेव्हापासून ती आमच्याच घरी, आमच्याच रानात राबत होती. सातबाऱ्यावर वारस म्हणून चौघांची नावं लागली. माझा नवरा आधीच टोरांटोला गेला होता. माझा व्हिसा आला तसं दादानं विषय काढला. "तू जाणार तिकडं. तुला काय करायचीय जमीन? कागद एकाच्या नावावर असला की कामं सोपी पडत्यात. ताईचं मी बघतोच हाय की." आई चुलीपुढं बसून म्हणाली, "बाई, जाता जाता भावाशी वाकडं घेऊ नगं. उद्या माहेराला यायचंय तुला."

यातलं प्रत्येक वाक्य मी गुरुवारी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं तेही मला पाठ होतं. मी एकही दिलं नाही. ताईला सांगितलं की पासपोर्टच्या कामासाठी घोडेगावला जायचंय. कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसवून साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "स्वखुशीनं करताय ना?" मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर मला मोकळं वाटलं. आता भांडण नाही, रडारड नाही, सगळ्यांशी गोड बोलून निघता येईल, एवढंच डोक्यात होतं. ताईचं काय होईल हे माझ्या मनात आलंच नाही असं मी पूर्वी म्हणायचे. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

टोरांटोजवळच्या गावात पहिलं वर्ष मी एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंग केलं. नवऱ्याची शिफ्ट रात्रीची, माझी सकाळची, फ्रिजवर चिठ्ठ्या लावून संसार चालायचा. स्नो बूट घालून बसस्टॉपवर उभी असताना निरगुडसरचं ऊन आठवायचं. दर रविवारी मी घरी व्हिडिओ कॉल करायचे. आई दिसायची, दादा दिसायचा, वहिनी दारातून हात करायची. ताई कुठाय विचारलं की आई म्हणायची, "रानात गेलीया." चार-पाच महिन्यांनी म्हणायला लागली, "बेल्ह्याला गेलीया." ताई मेली तरी बेल्ह्याच्या वेशीत पाऊल टाकणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणायचे, "बरं, आली की सांग." ताईला मी एकदा मेसेज केला. उत्तर आलं नाही, तर दुसरा केला नाही. संस्थेच्या ग्रुपमधून मी आधीच बाहेर पडले होते. नंबर बदलला म्हणून, असं शमीमआपांना कळवलं. खरं म्हणजे कुणीतरी सही नाकारल्याची बातमी तिथं आली की सगळ्या जणी माझ्या नावानं हार्ट पाठवायच्या, आणि ते मला बघवत नव्हतं.

वर्षभरानं मला एका छोट्या फाउंडेशनमध्ये काम मिळालं. मनाच्या जखमा भरून येण्यासाठी, शिक्षणासाठी, न्यायासाठी झटणाऱ्या देशोदेशीच्या लहान संस्थांना हे फाउंडेशन ग्रँट देतं. माझा अनुभव ऐकून माझी बॉस मार्गारेट खूश झाली होती. अर्ज वाचायचे, रिपोर्ट तपासायचे, हिंदी-मराठी असेल तर भाषांतर करायचं. त्या हिवाळ्यात आलेल्या अर्जांत नारायणगावची आमची संस्था होती. मी तिथं काम केलंय हे मी मार्गारेटला सांगितलं. ती म्हणाली, छान, मग बायांशी बोलताना दुभाषी तूच हो.

आमच्याकडे सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. स्क्रीनवर ती खोली उघडली. तीच सतरंजी, तोच भिंतीवरचा ओलाव्याचा डाग. शमीमआपांनी हात वर करून सलाम केला. मंदाकाकू पुढं सरकून कॅमेऱ्यात बघत होत्या. आणि मागच्या रांगेत, खिडकीजवळ, ताई बसली होती.

ती वाळली होती. केस मागं घट्ट बांधलेले, हात मांडीवर. बैठकीच्या सहा वर्षांत मी तिला तिथं एकदाही आणलं नव्हतं. आपल्या घरचं काय चव्हाट्यावर मांडायचं, असं मला वाटायचं. दुसऱ्यांच्या घरचं मांडायला मी रोज जात होते.

एकेक बाई बोलत गेली, मी इंग्रजीत सांगत गेले. ताईची पाळी आली. ती उठून उभी राहिली आणि सरळ माझ्याकडं बघत बोलली.

"माझं नाव सुमन. मी निरगुडसरची. माझ्या बहिणीनं हक्क सोडला. ती शिकलेली, बायांना शिकवणारी. भावानं तिचा कागद माझ्याम्होरं ठिवला आन्‌ म्हणला, तिच्यापरीस तुला जास्त कळतं का? मी म्हणलं, मला कळत न्हाई, पर मी सही न्हाई करणार. मंग माझी चूल येगळी झाली, मंग बोलणं बंद झालं. शेवटाला मी लेकीला घिऊन हितं आले. मार्केटला टोमॅटो निवडती. लेक बाजूच्या अभ्यासिकेत बसती. माझं नाव सातबाऱ्यावर अजून हाय."

ती बसली. मार्गारेट माझ्याकडं बघत होती. मी भाषांतर केलं. सगळं केलं, एक शब्द सोडून. "माझ्या बहिणीनं" याच्या जागी मी म्हणाले, कुटुंबातल्या एका व्यक्तीनं. शिकलेली, बायांना शिकवणारी, हेही गाळलं.

मार्गारेट म्हणाली, किती धीराची बाई आहे. मी म्हणाले, हो.

ताईला इंग्रजी येत नाही. शमीमआपांना येतं. मीटिंग संपल्यावर तासाभरानं त्यांचा मेसेज आला: "वैशाली, तू बहीण गाळलीस. का ते मी विचारणार नाही. पण तिनं विचारलं की त्या गोऱ्या बाईला सगळं कळलं का, आणि मला हो म्हणावं लागलं. मला खोटं बोलायला लावलंस."

तो दिवस मी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी मार्गारेटच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं, सहीपासून भाषांतरापर्यंत. तिनं शांतपणे ऐकलं. ती रागावली नाही, त्यानं मला जास्त लागलं. तिनं मला त्या अर्जावरून काढलं आणि मीटिंगचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दुभाष्याकडं पाठवलं. संस्थेला मदत मिळाली. त्यात माझा काही वाटा नव्हता, आणि नसायलाच हवा होता.

सुट्टी जमवून मी डिसेंबरात भारतात आले. कुणाला कळवलं नाही. आधी निरगुडसरला गेले. दादा रानात टोमॅटोची बांधणी करत होता. मी म्हटलं, ताईला घराबाहेर काढायला नको होतं. तो सुतळी हातात धरूनच बोलला.

"मी न्हाई काढली, ती गेली. आन्‌ मी काय चोरी केली का? तूच सही दिलीस. कागदावर तुझा फोटू हाय, बघ जाऊन. हसतीयास तू त्यात."

दादा दुष्ट नाही. जमिनीचे तुकडे पडले तर एकाचंही भागणार नाही, या भीतीत तो जगतो. मी त्याच वेळी "नाही" म्हटलं असतं तर तो चिडला असता, भांडला असता, पण ताईसमोर ठेवायला त्याच्या हातात काही नसतं. ते हत्यार मी त्याला दिलं होतं.

तिथून जीप धरून नारायणगावला आले. गुरुवार होता. बैठक शमीमआपाच घेत होत्या. मी मागं बसले आणि माझी पाळी आल्यावर बोलले. ताई समोर होती. कुणी मधे तोडलं नाही, कुणी सल्ला दिला नाही. माझं बोलणं संपल्यावर मंदाकाकू म्हणाल्या, "मंग त्या दिवशी गाडीत बसताना आमाला का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली, काकू."

"आमाला बी वाटायची," त्या म्हणाल्या. "तरी तुमी आमच्याकडनं वदवून घ्यायच्या."

बैठक उठल्यावर ताईनं चप्पल घातली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "चल."

पुढचे आठ दिवस मी तिच्या खोलीवर राहिले. माझी सही परत घेता येईल का, म्हणून वकीलबाईंकडं गेले. नोंदणी झालेला कागद असा सहज मागं फिरत नाही, त्यांनी सांगितलं. मग ताईनं जमिनीच्या वाटपासाठी कोर्टात केलेल्या दाव्यात मी प्रतिज्ञापत्र दिलं की मी कोणत्या परिस्थितीत, काय माहीत असताना आणि कुणाला अंधारात ठेवून सही केली. दाव्याची तारीख पडते, पुढं ढकलते, पुन्हा पडते. आईला प्रतिज्ञापत्राचं कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच बोलली, "दोघींनी मिळून माझं पोर एकटं पाडलंत." तेव्हापासून तिनं माझा फोन उचललेला नाही. तिच्यावर मी रागावू शकत नाही. भावाशी वाकडं नको, हेच तिनं मागितलं होतं, आणि मी तिच्या दोन्ही लेकींचं सगळ्यांशी वाकडं करून ठेवलं.

त्या आठ दिवसांत मी ताईची माफी तीनदा मागितली. तिसऱ्या वेळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "सारखं सारखं मागू नगंस. द्यायची झाली की मी दीन. तवर मेथी निवड." मी मेथी निवडली. भाची शाळेतून आली, तिनं मला गणिताची वही दाखवली आणि मी आल्यापासून पहिल्यांदा मावशी म्हणाली. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून मी वहीत तोंड घातलं.

परतायच्या दिवशी ताई मला स्टँडवर सोडायला आली. तिला मार्केटला जायचं होतं, डोक्याला फडकं बांधलेलंच होतं. बस लागली. परत ये, असं ती म्हणाली नाही. माझी बॅग वर चढवून दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "पोचलीस की कळव. आई काय आता इचारणार न्हाई. कुणीतरी इचारायला पायजे."

इथं ऑफिसात लोक विचारतात, घर कुठं? पूर्वी मी चटकन निरगुडसर म्हणायचे आणि नकाशावर दाखवायचे. त्या घरात आता माझं नाव निघत नाही, आणि रानात माझा वाटा नाही. तो मीच सोडला, हसत. नारायणगावातली ती भाड्याची खोलीही माझी नाही. पण विमानातून उतरल्यावर, पासपोर्टच्या रांगेत उभी असतानाच, मी ताईला मेसेज केला: पोचले. तिचं उत्तर आलं: "बरं." मी रांगेत पुढं सरकले तरी फोन बंद केला नाही. तिनं मला अजून माफ केलेलं नाही, तरीही मी पोचले की नाही याची ती वाट बघत होती, आणि ते मी कमावलेलं नाही.