उभ्यानं जेवणारा माणूस

२००४ च्या हिवाळ्यात सुलभाताई नागपूरहून अमेरिकेत ट्रॉयला लेकाकडे आल्या, आणि पहिल्याच सकाळी त्यांना स्वयंपाकघरात त्यांचे मेलेले यजमान दिसले. ओट्यापाशी पाठमोरे उभे, डावी टाच किंचित उचललेली, उभ्याउभ्याच पोहे खात होते. सुलभाताईंच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आई, चहा टाकू?" पाठमोरा माणूस वळला. तो केदार होता.

लेक बापासारखा दिसतो यात नवल ते काय! पण दिगंबरराव जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आता तो माणूस या परक्या घरात थोडाथोडा परत येत होता. केदार सोफ्यावर एका कुशीवर टेकायचा, ओठ घट्ट मिटून. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर, आणि बाथरूमच्या बंद दाराआडून तेच जुनं, दबकं कण्हणं. टेबलाशी सून रेणू एकटीच मान खाली घालून जेवायची. ती मान सुलभाताईंच्या ओळखीची होती. त्या भयंकर घाबरल्या.

"काय होतंय तुला?" त्यांनी शेवटी लेकाला धरलंच.

"पाइल्स आहेत गं. सुरण खातोय, ताक पितोय."

"डॉक्टर?"

"इथले डॉक्टर म्हणजे राजीवकाका. गणपतीत त्यांच्या शेजारी उभा राहून आरती म्हणतो मी! त्यांना काय दाखवू?"

"तू नाही गेलास, तर मी फोन करीन. रेणूसमोर."

राजीवकाकांनी नुसतं पाहूनच सांगितलं, मूळव्याध नव्हेच ही. गुदद्वाराशी जुनी चीर पडली होती. पुष्कळ लोक तिला मूळव्याध समजून वर्षानुवर्षं सोसतात. कोमट पाण्यात बसायचं, इसबगोल घ्यायचं, आणि हृदयरोग्यांना देतात त्या औषधाचं मलम लावायचं. मलमानं केदारचं डोकं ठणकायचं, पण बर्फ वितळेपर्यंत चीर भरून आली.

मग एका सकाळी केदारनं खुर्ची ओढली आणि रेणूशेजारी सरळ बसला. सुलभाताईंनी पोहे वाढले आणि सवयीनं ओट्याकडे पाहिलं. तिथे आता कोणीच नव्हतं. त्यांना एकदम रडू कोसळलं.

"आई, अगं काय झालं?"

"तुझे बाबा जन्मात कधी माझ्याशेजारी बसून जेवले नाहीत रे. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही."