शिसेमास्तरांची नापास जाकिटं

एक वेळ सोडली, तर शिसेमास्तर माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलल्याचं मला आठवत नाही. ते खांद्यांकडे पाहायचे. सोलापुरात साखर पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. नवं गिऱ्हाईक पायरी चढलं, की ओळखदेख नसताना म्हणायचे, "डावा खांदा पाऊण इंच उतरलाय. पिशवी त्याच हातात धरता की!" रस्त्यात भेटले तर नाव विसरलेले असायचे, माप मात्र पाठ.

शिसेमास्तर हे नाव मी ठेवलेलं. सत्तरच्या दशकात मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. आमच्याकडे त्याला फोटो म्हणतात, म्हणून मी फोटोबाई. किरण अंगावर येऊ नयेत म्हणून शिशाचा ॲप्रन घालावा लागे. त्याचा बंद तुटला आणि मी तो मास्तरांकडे नेला. तिथंच चुकलं.

मास्तरांनी तो उचलला आणि म्हणाले, "काय भरलंय बाई ह्यात? सासूची भांडी?" शिसं आहे, किरण अडवतं, असं सांगितल्यावर त्यांनी तो चार वेळा चाचपला. बंद शिवून दिला आणि वर उपदेश केला, "हे घडी घालायचं कापड न्हाय. टांगत जावा." मी तो रोज चार घड्या घालून खुर्चीवर फेकत असे. आता शिंपी मला माझं काम शिकवणार! मी हसले आणि फेकतच राहिले.

मास्तरांची एकुलती एक लेक सरोजा हवाई सुंदरी होती. विणकरांच्या त्या पेठेत ही नोकरी म्हणजे केवढं अप्रूप! मास्तरांनी स्वतः विमान फक्त खालून पाहिलेलं. त्यात एका रविवारी त्यांनी पेपरात वाचलं, की उंच आभाळात सूर्यताऱ्यांचे किरण जमिनीपेक्षा जास्त असतात. पेपर घेऊन तडक माझ्याकडे आले.

"म्हंजे माझी पोर रोज तुमच्या मशिनीत जाऊन बसती?"

मी समजावलं. मास्तर, तिथं असतात ते अगदी थोडे. शिवाय ते किरण वेगळे, आपल्या शिशाला जुमानत नाहीत, आणि माझ्या यंत्राला त्यातलं काही कळत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "पण अंगात कायतरी असलेलं बरं की." झालं! आभाळापासून वाचवणारं जाकीट शिवायचं ठरलं.

पहिलं जाकीट जाड हातमागाच्या कापडाचं. आत शिशाच्या पातळ पट्ट्या, कौलांसारख्या एकीवर एक, म्हणजे वाकता येईल. रजेवर आलेल्या सरोजानं ते घातलं, दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसली. "अप्पा, ह्यानं विमानच खाली येईल की." मास्तर अजिबात खचले नाहीत. "वजन खांद्यावर नको, कंबरेवर पायजे," म्हणत त्यांनी रुंद पट्टा लावला. ती कल्पना खरोखर चांगली होती, पण तेव्हा मी कबूल केलं नाही.

मग हलक्या मालाचा शोध सुरू झाला. दर आठवड्याला मास्तर नवा तुकडा घेऊन दारात हजर. मी तो उरल्यासुरल्या फिल्मवर ठेवायची, खाली कपाटाची किल्ली. किल्ली दिसली की तुकडा नापास, नाही दिसली की पास. शिसं तेवढं पास व्हायचं, बाकी सगळे नापास. मी पेशंटना मास्तरांची नक्कल करून दाखवायची, आणि लोक बरगडी धरून हसायचे. खरंच सांगते, मला फार मजा यायची.

एकदा मास्तर चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चार पदरी शिवून घेऊन आले. बाहेर रांग, आत उकाडा, मला मळमळत होतं. मी तुकडा आत नेला, मशीनला हातही लावला नाही आणि शिशाच्या तुकड्याची जुनी फिल्म त्यांच्या हातात ठेवली. "पास! जा आता." मास्तरांचा चेहरा असा फुलला, की मला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

त्या कागदाचं जाकीट फुलासारखं हलकं झालं. ते सरोजाला गेलं आणि महिन्याभरात परत आलं. सोबत चिठ्ठी होती : 'अप्पा, चालताना कुरकुर वाजतं. प्रवासी विचारतात, चिवड्याची पुडी कोण फोडतंय?' हे मी दवाखानाभर सांगत सुटले.

दोन दिवसांनी मास्तर आले, काखेत तेच जाकीट. नेहमीसारखं खांद्याकडे नाही, त्यांनी माझ्या कंबरेकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "दीड इंच वाढलीया. डॉक्टरास्नी सांगितलं न्हाय वाटतं?"

मला तिसरा महिना होता. घरी बसवतील म्हणून मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"सरोजाला नको तर नको. तुमी घाला. हलकं हाय, आन् पास झालेलं हाय. तुमीच केलंय की."

ते चंदेरी जाकीट मी हातात घेतलं. शेवटी सगळं सांगून टाकलं. फोटो काढलाच नव्हता मास्तर, जुनी फिल्म दिली तुम्हाला.

मास्तरांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाकीट माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, "पोरीनं परत पाठवलं ते बरं झालं." आणि मग, "तुमच्या ॲप्रनचा फोटो कधी काढलाय?"

कधीच नाही. त्या दिवशी काढला. फिल्मवर पोटाच्या जागी काळ्या रेघाच रेघा होत्या. चार घड्यांच्या जागी शिसं उभंआडवं फाटलेलं.

"आधी डॉक्टरास्नी सांगा. मग माप," मास्तर म्हणाले. मी सांगितलं. डॉक्टर खूप ओरडले, पण घरी नाही बसवलं. भिंतीआडून बटण दाबायला लावलं. मास्तरांनी सरोजाचं पहिलं जड जाकीट उसवून मला ॲप्रन शिवला. आधी फोटो काढला, मग अंगात घातला. वजन कंबरेवर, आणि पट्ट्याला नऊ भोकं. मी नवव्या भोकापर्यंत गेले. मुलगी झाली तेव्हा मास्तर आले, दुपटं सोडून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही खांदे सारखे हायेत."

त्यानंतरही तुकडे येतच राहिले. मी प्रत्येकाचा फोटो काढला, नक्कल बंद केली. सगळे नापास.

मास्तर गेले त्यानंतर आठवड्यानं सरोजा दवाखान्यात आली. मास्तरांच्या शिलाई मशीनच्या खणात तिला एक तुकडा सापडला होता. मऊ, पातळ, मुळीच न वाजणारा.

"ताई, बघता का?"

फिल्मवर किल्ली दात्यांसकट लख्ख उमटली.

"पास का नापास?"

'पास' एवढा एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द मला पूर्वी किती सोपा गेला होता! "नापास," मी म्हणाले.

सरोजा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अप्पा म्हणायचे, फोटोबाई आता खरं सांगते."

तुकडा तिनं घडी न घालता पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला विमानावर जायचं होतं.